नकाराचे सौजन्य

मागणाऱ्याला 'हो' म्हणणे सर्वांनाच आवडते. 'नाही' हा शब्द मात्र ओठांवर येताना अडखळतो. समोरचा मनुष्य दुखावेल, स्नेहात अंतर पडेल, अशी भीती वाटते आणि मनात नसतानाही होकार दिला जातो. 'भीड ही भिकेची बहीण' असे म्हणतात, ते काही उगाच नव्हे.

लग्नाच्या पंगतीत हे नेहमी दिसते. वाढपी जिलब्या घेऊन येतो. यजमान आग्रह करतात. एक पाहुणा भिडेपोटी वाढून घेतो आणि अखेर तीच जिलबी पानात टाकून उठतो. दुसरा पानावर हात आडवा धरतो व हसून म्हणतो, "जिलबी उत्तम झाली आहे, पण आता अगदी पोटभर झाले." पहिल्याने आग्रहाचा मान राखला असे क्षणभर वाटते, परंतु अन्नाचा आणि यजमानाचा खरा मान राखला तो दुसऱ्याने.

खोटा होकार याहूनही महाग पडतो. एखादा मुलगा मित्राला सांगतो, "उद्या सकाळी गणिते समजावून द्यायला येतो." घरी काम आहे, जाणे जमणार नाही, हे त्याला तेव्हाच ठाऊक असते. मित्र दाराशी वाट पाहत बसतो. दुसऱ्या कोणाची मदत घेण्याची वेळही निघून जाते. स्पष्ट नकाराने त्याला घटकाभर वाईट वाटले असते. या होकाराने त्याचा विश्वासच उडतो. 'पाहू', 'जमले तर येईन' ही उत्तरेही पुष्कळदा अशीच वेळ मारून नेणारी असतात.

मग नकार द्यावा कसा? 1952 साली इस्राएलचे पहिले राष्ट्राध्यक्ष वाइझमन यांचे निधन झाले. तेव्हा ते पद स्वीकाराल काय, अशी विचारणा त्या देशाच्या सरकारने थोर शास्त्रज्ञ आल्बर्ट आइन्स्टाइन यांच्याकडे केली. या सन्मानाने आपण भारावून गेलो आहोत, असे त्यांनी आरंभीच कळवले आणि तो स्वीकारता येत नाही याचा खेदही व्यक्त केला. माणसांशी संबंधित कारभार पाहण्याची हातोटी व अनुभव आपल्याजवळ नाही, हे कारण त्यांनी सरळपणे सांगितले. ज्यू समाजाशी असलेले नाते आपल्याला सर्वांत घट्ट वाटते, हेही लिहिण्यास ते विसरले नाहीत. त्यांचा नकार पदाला होता, नात्याला नव्हता. आपली कागदपत्रे अखेरीस जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठाकडे जावीत, अशी व्यवस्था त्यांनी मृत्युपत्रात करून ठेवली होती.

प्रथम आभार, मग खरे कारण आणि शक्य असेल तेथे दुसरी वाट, एवढे साधले म्हणजे नकार बोचत नाही. "उद्या जमणार नाही, परवा शाळा सुटल्यावर बसू," असे म्हणणारा मित्र गमावत नाही.

मात्र ही जबाबदारी एकट्या नकार देणाऱ्याची नव्हे. नकार ऐकणाऱ्यानेही दुसऱ्याची अडचण ओळखावी, रुसून बसू नये. ज्या मैत्रीत 'नाही' म्हणण्याची मोकळीक असते, त्याच मैत्रीत 'हो' या शब्दाला मोल येते.