वेग मोजावा की देखभाल? दोन इटालियन गाड्या आणि कोल्हापूरची मेबॅक

१/ दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक कोल्हापूरच्या दसरा चौकाकडे निघते, तेव्हा तिचा वेग कोणी मोजत नाही. १९३६ सालची, राजाराम महाराजांच्या काळातील ही गाडी आजही रस्त्यावर येते, याचेच लोकांना अप्रूप. जुन्या गाड्यांचे मोल ठरवताना हीच कसोटी लावावी, असे माझे मत आहे. त्यासाठी दोन इटालियन गाड्या पडताळून पाहू.

२/ लॅम्बोर्गिनी मिउरा १९६६ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात अवतरली. फेरारी ३६५ जीटीबी/४, म्हणजेच ‘डेटोना’, १९६८ मध्ये पॅरिसला. दोन्हींना बारा सिलिंडर, दोन्हींची शक्ती सुमारे ३५० अश्वशक्ती, कमाल वेग ताशी २८० किलोमीटरच्या आसपास. केवळ वेगावर निवाडा होत नाही.

३/ मिउराचे इंजिन चालकाच्या पाठीमागे, आडवे. जागा वाचावी म्हणून इंजिन व गिअरबॉक्सला तेल एकच. गिअरच्या झिजेचा कीस इंजिनात जाण्याची भीती कायम. अखेरच्या काही गाड्यांतच ही तेले वेगळी झाली. कार्ब्युरेटर शर्यतीच्या जातीचे. गाडी उभी राहिली की पेट्रोल ओघळे आणि कित्येक मिउरा त्यापायी पेटल्या. टाकी पुढे असल्याने ती रिती होऊ लागली की भरवेगात नाक हलके पडे.

४/ डेटोनाचे इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागे. त्यामुळे वजनाचा तोल साधतो. तिचे सहा कार्ब्युरेटर एका सुरात आणणे हेही कष्टाचे व खर्चाचे काम, पण बॉनेट उघडले की इंजिन हाताशी येते. ल मान्सच्या शर्यतीत १९७२ ते १९७४ अशी सलग तीन वर्षे तिने आपला गट जिंकला. उत्पादन थांबल्यावरही, १९७९ च्या डेटोना येथील २४ तासांच्या शर्यतीत, ती एकंदरीत दुसरी आली.

५/ कोणी म्हणेल, वाट तर मिउरानेच दाखवली. हे खरे आहे. डेटोनानंतर फेरारीनेही आपल्या बारा सिलिंडरच्या गाडीचे इंजिन चालकामागे नेले. नवी वाट पाडण्याचा मान मिउराचा, टिकण्याचा डेटोनाचा. निवड करायचीच तर मी डेटोना निवडेन.

६/ मिउराच्या इतिहासात दल्लारा, स्तान्झानी, गांदिनी ही नावे येतात आणि ती यायलाच हवीत. मात्र ती गाडी पन्नास वर्षे जिवंत ठेवणाऱ्या कारागिरांची नावे क्वचितच आढळतात.

७/ आपल्याकडेही तेच. शिवाजी उद्यमनगराने लेथ आणि फौंड्रीच्या बळावर यंत्रांचे भाग घडवले. बाजारात न मिळणारा भाग कातून देणारे, इंजिनाचा दोष कानाने ओळखणारे मिस्त्री आता थकत चालले आहेत. गाड्यांची छायाचित्रे हजारोंनी आहेत. त्या हातांच्या विद्येची नोंद फारच थोडी.

८/ म्हणून इतिहासप्रेमी मित्रांनो, पुढच्या दसऱ्याला मेबॅकचे छायाचित्र अवश्य काढा. त्याच आठवड्यात आपल्या गावातील एका जुन्या मिस्त्रीकडे वही घेऊन बसा. ते सांगतील ते लिहून ठेवा. ती संधी फार काळ राहणार नाही.