नियुक्तीचे आसन आणि मतदारांचा कौल

राज्यसभेच्या द्वैवार्षिक निवडणुका जवळ आल्या की राजधानीत एक चर्चा हमखास रंगते. उद्योगपतींनी वरिष्ठ सभागृहात यावे काय, आणि यायचे तर कोणत्या दाराने? या चर्चेतील खरा प्रश्न मात्र वेगळाच असतो. मतदारांपुढे न जाता मिळालेल्या आसनावर बसणारा सदस्य नेमका कोणाला बांधील असतो? याचे उत्तर आपण सहसा आपल्याच सभागृहांत शोधतो. तथापि अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात 2020 साली या प्रश्नाची जी कसोटी लागली, ती अधिक बोलकी आहे. कारण तेथे नियुक्त सिनेटरला वर्षभराच्या आतच मतदारांना सामोरे जावे लागले.

अमेरिकेत सिनेटर थेट जनतेतून निवडले जाऊ लागले ते 1913 च्या सतराव्या घटनादुरुस्तीनंतर. याच दुरुस्तीने, राज्याच्या विधिमंडळाने तशी मुभा दिली असल्यास, रिक्त जागेवर तात्पुरती नियुक्ती करण्याचा अधिकार गव्हर्नरला दिला. जॉर्जियाचा या तरतुदीशी जुना संबंध आहे. अमेरिकेच्या इतिहासातील पहिल्या महिला सिनेटर रिबेका लॅटिमर फेल्टन याच राज्याच्या. 1922 साली, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, त्या नियुक्तीनेच सिनेटमध्ये आल्या आणि एका दिवसात पायउतार झाल्या. त्यानंतर जॉर्जियातून दुसरी महिला सिनेटमध्ये जाण्यास जवळपास शतक लोटले. त्या केली लोफ्लर. आणि त्याही नियुक्तीनेच आल्या.

लोफ्लर यांची घडण राजकारणातील नव्हे. इलिनॉय राज्यातील शेतकरी कुटुंबात वाढलेल्या या बाई 2002 साली अटलांटातील ‘इंटरकॉन्टिनेंटल एक्स्चेंज’ या कंपनीत दाखल झाल्या. न्यूयॉर्क शेअर बाजार 2013 साली विकत घेणारी ती हीच कंपनी. तिचे संस्थापक जेफ्री स्प्रेचर हे लोफ्लर यांचे पती. पुढे त्या ‘बॅक्ट’ या उपकंपनीच्या मुख्याधिकारी झाल्या. शिवाय अटलांटाच्या महिला बास्केटबॉल संघाच्या त्या सहमालक होत्या. प्रकृतीच्या कारणास्तव जॉनी आयझॅक्सन यांनी 2019 अखेर जागा सोडली, तेव्हा रिपब्लिकन गव्हर्नर ब्रायन केम्प यांनी लोफ्लर यांचे नाव पुढे केले.

केम्प यांचे गणित सरळ होते. 2018 साली ते स्वतः काठावरच निवडून आले होते. अटलांटाच्या उपनगरांतील सुशिक्षित महिला मतदार पक्षापासून दुरावत होत्या. उद्योगक्षेत्रात यशस्वी झालेली, स्वतःच्या प्रचाराचा खर्च पेलू शकणारी महिला त्यांना परत आणील, असा हा हिशेब. अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांची पसंती मात्र खासदार डग कॉलिन्स यांना होती. ती डावलली गेल्यावर कॉलिन्स यांनी नोव्हेंबर 2020 च्या पोटनिवडणुकीत थेट लोफ्लर यांच्याविरुद्ध दंड थोपटले. मधल्या मतदारासाठी निवडलेल्या बाईंना त्यामुळे पहिली लढाई आपल्याच पक्षाच्या कडव्या मतदारासाठी लढावी लागली.

या लढाईने त्यांचा सारा नूर पालटला. करोनाविषयी सिनेटर्सना जानेवारी 2020 मध्ये मिळालेल्या माहितीनंतर त्यांच्या कुटुंबाच्या खात्यांतून शेअरविक्री झाल्याचे प्रकरण गाजले. हे व्यवहार सल्लागार परस्पर करतात, असे त्यांचे म्हणणे होते. न्याय खाते आणि सिनेटची नीतिमत्ता समिती या दोहोंनीही चौकशी कारवाईविना संपवली. तरीही संपत्तीचा जो गुण म्हणून गाजावाजा झाला होता, तोच विरोधकांच्या हातातील कोलीत ठरला. मग त्यांनी वर्णद्वेषविरोधी आंदोलनाला बास्केटबॉल लीगने दिलेल्या पाठिंब्यावर उघड आक्षेप घेतला. तेव्हा त्यांच्याच संघाच्या खेळाडू प्रतिस्पर्धी राफाएल वॉर्नॉक यांच्या नावाचे शर्ट घालून मैदानात उतरल्या. आपण हूणांचा राजा अ‍ॅटिला याच्याहूनही अधिक परंपरावादी आहोत, अशी जाहिरात लोफ्लर यांच्या प्रचारात झळकली. उपनगरांतील महिलांसाठी केलेली निवड कुठल्या कुठे गेली होती!

पहिल्या फेरीत वॉर्नॉक यांना सुमारे 33, लोफ्लर यांना 26 तर कॉलिन्स यांना 20 टक्के मते पडली. निम्म्याहून अधिक मते कोणालाच नसल्याने 5 जानेवारी 2021 रोजी दुसरी फेरी ठरली. दरम्यान ट्रम्प जॉर्जियात 11,779 मतांनी हरले होते. तेथे निवडणुकीचा कारभार आपल्यासारखा स्वायत्त आयोगाकडे नसतो. राज्याचे निर्वाचित सचिव तो पाहतात. ते ब्रॅड राफेन्सपर्गरही रिपब्लिकनच. त्यांनी राजीनामा द्यावा, अशी मागणी लोफ्लर यांनी केली. ट्रम्प हरले, एवढे साधे वाक्य उच्चारणे त्यांनी जाहीर वादसभेत टाळले. जी यंत्रणा भ्रष्ट म्हणायची, तिच्यावरच विश्वास ठेवून पुन्हा मतदानाला या, असे आवाहन त्या स्वपक्षीयांना करीत होत्या. ही विसंगती मतदाराच्या ध्यानी येणारच होती. दुसऱ्या फेरीत मतदान घटले आणि ते रिपब्लिकन प्रभावाच्या भागांत अधिक घटले. वॉर्नॉक सुमारे 93 हजार मतांनी विजयी झाले. जॉर्जियाचे ते पहिले कृष्णवर्णीय सिनेटर.

पराभव केवळ नियुक्तीमुळे झाला, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्याच दिवशी रिपब्लिकन डेव्हिड पर्ड्यूही जॉन ऑसॉफ यांच्याकडून हरले आणि ते तर 2014 साली रीतसर निवडून आलेले होते. मात्र त्यांच्या पराभवाचे अंतर सुमारे 55 हजारांचे होते. राज्य तेच, दिवस तोच, पक्ष तोच. तरीही लोफ्लर अधिक मतांनी पडल्या. या फरकात वॉर्नॉक यांची लोकप्रियता आहेच. पण स्वतःचा मतदार नसल्याची किंमतही आहे. या दोन जागांमुळे सिनेटमध्ये 50-50 अशी बरोबरी झाली आणि उपाध्यक्ष कमला हॅरिस यांच्या निर्णायक मताने बहुमत डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेले. एका नियुक्तीची चूक अशी साऱ्या देशाला व्यापून राहिली.

नियुक्तीचा दुसरा प्रकारही अमेरिकेने पाहिला आहे. जो बायडन उपाध्यक्ष झाल्यावर 2009 साली त्यांच्या जागी डेलावेअरचे टेड कॉफमन नियुक्त झाले. निवडणूक लढवायची नाही, हे त्यांचे ठरलेले होते. त्यामुळेच 2010 साली बलाढ्य बँकांच्या आकारावर मर्यादा घालणारी दुरुस्ती त्यांनी धडाडीने मांडली. ती फेटाळली गेली. पण नियुक्त सदस्याचे खरे बळ कशात असते, ते त्यातून दिसले. त्याच्याकडे मतदार नसतो, पण कोणाचे देणेही नसते. या आसनाची शिडी केली की हे एकमेव बळही हातचे जाते.

आपल्याकडे घटनेच्या 80 व्या कलमान्वये राज्यसभेवर येणाऱ्या 12 राष्ट्रपतीनियुक्त सदस्यांना सहा वर्षे मतदाराची धास्ती नसते. पुण्याच्या ‘थरमॅक्स’च्या अनू आगा याच दाराने 2012 साली आल्या आणि 2018 पर्यंत सदस्य होत्या. परंतु दहावी अनुसूची अशा सदस्याला सहा महिन्यांच्या आत पक्षात प्रवेश करण्याची मुभा देते. तज्ज्ञ म्हणून आलेल्याने पक्षाचा बिल्ला का लावावा, याचे समाधानकारक उत्तर आजवर मिळालेले नाही. राज्यपालनियुक्त आमदारांची कथा महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. जॉर्जियात हे सारे घडत होते, त्याच नोव्हेंबर 2020 मध्ये मुंबईत राजभवनाकडे गेलेली 12 नावांची यादी शेवटपर्यंत निर्णयाविना राहिली. केम्प यांना निदान आपल्या निवडीचा जाब जनतेला द्यावा लागत होता. आपल्याकडे जाब कोणी द्यायचा, हेच निश्चित नाही.

वॉर्नॉक 2022 मध्ये पुन्हा जिंकले. लोफ्लर यांना ट्रम्प यांनी 2025 साली लघुउद्योग प्रशासनाचे प्रमुखपद दिले. त्या परतल्या त्याही नियुक्तीच्याच दाराने. फरक इतकाच की, या पदाला मतदाराचा कौल लागत नाही. आणि तो कौल मिळवता न येणाऱ्यांसाठी सभागृहापेक्षा असे पद केव्हाही बरे.