कार्ड खाचेत, लॅपटॉपला पत्ताच नाही!

दारावरची बेल वाजली आणि घरातलं कोणीच उठलं नाही, तर पाहुणा नादुरुस्त आहे असं आपण म्हणतो का? लॅपटॉपच्या बाबतीत मात्र बिनदिक्कत म्हणतो. चालू लॅपटॉपमध्ये कार्ड घातलं आणि काहीच हललं नाही, की निकाल ठरलेला: कार्ड खराब. दुसरं आणलं, तेही दिसेना, की स्लॉट खराब. आणि स्लॉट मदरबोर्डवर असल्यामुळे पुढचं वाक्य तुम्हाला पाठच असेल. "मदरबोर्ड बदलावा लागेल साहेब." माझा आजचा राग या निदानावर आहे. त्याहून जास्त राग 'हॉट-प्लग' हा शब्द खोक्यावर छापून मोकळं होणाऱ्यांवर आहे.

प्रसंग ताजा आहे. माझा मामा २००० च्या दशकात सांगलीत लग्नाची शूटिंग्ज करायचा. मिनीडीव्ही कॅसेटींचा एक खोका त्याच्याकडे आहे. त्या कॅसेटी जशाच्या तशा उतरवायच्या तर कॅमेऱ्याला फायरवायर लागतं, आजच्या लॅपटॉपला ते नसतं. म्हणून त्याने एक्स्प्रेसकार्डचा स्लॉट असलेला जुना लॅपटॉप आणि फायरवायरचं कार्ड मिळवलं. कार्ड दिसेना. दुरुस्तीवाल्याने स्लॉट 'डेड' ठरवून साडेसहा हजार सांगितले. त्या टेपा दरवर्षी आणखी जुन्या होतायत, त्यामुळे मामा पैसे मोजायला निघालाच होता.

आता एक्स्प्रेसकार्डाची गंमत ऐका. २००३ साली आलेल्या या कार्डाला २६ पिना आहेत, पण त्या एकाच खाचेत दोन स्वतंत्र रस्ते येतात: एक यूएसबी २.० चा, दुसरा पीसीआय एक्स्प्रेसचा. कार्ड बनवणाऱ्याने आपल्याला हवा तो घ्यावा. त्या काळातली बरीच थ्रीजी डेटा कार्डं यूएसबीच्या रस्त्याने जायची, आणि चालू मशीनमध्ये घालणं-काढणं यूएसबीच्या अंगवळणी पहिल्यापासून आहे. फायरवायर, ई-साटा वगैरे कार्डं पीसीआय एक्स्प्रेसने जातात, आणि रडारड तिथेच असते. म्हणजे एकाच स्लॉटात एक कार्ड लगेच चालतं आणि दुसरं ढिम्म बसतं, हे स्लॉट अगदी धडधाकट असतानाही होऊ शकतं. मामाच्या लॅपटॉपवर जुनं डेटा कार्ड दोन सेकंदांत दिसलं. फायरवायरचं कार्ड आत ठेवून मशीन रीस्टार्ट केलं तर तेही दिसलं! मग डेड काय होतं?

आपल्याकडे रीस्टार्टने काम झालं की विषय संपतो. अहो, खरा विषय तिथेच सुरू होतो. बूट होताना कार्ड सापडतं याचा अर्थ पिना, वीज, कार्ड सगळं जागेवर आहे. बिघाड आहे तो मध्येच आलेल्या पाहुण्याची वर्दी देण्यात.

ही वर्दी कोणी घ्यायची यावर पडद्याआड वाटाघाटी होतात. बूट होताना ऑपरेटिंग सिस्टिम एसीपीआयमार्फत बायोसला विचारते, "हॉट-प्लगचा ताबा मला देतोस का?" बायोस हो म्हणाला, तर कार्ड आल्याची खूण पोर्टच्या रजिस्टरमध्ये उमटते आणि सिस्टिम स्वतः धावते. नाही म्हणाला, तर काम त्याचं. सोसायटीच्या वॉचमनने सांगावं की बेल मीच बघतो, तुम्ही उठू नका, आणि मग खुर्चीत घोरत पडावं, तसा हा प्रकार.

बायोस असा का वागतो? याला इतिहास आहे. विंडोज एक्सपी २००१ ची, म्हणजे पीसीआय एक्स्प्रेसच्याही आधीची. तिला हे हॉट-प्लग मुळात कळतच नव्हतं, म्हणून ते बायोसने एसीपीआयच्या आडून सांभाळायचं असं ठरलं. व्हिस्टा २००७ मध्ये आली, तिला ते थेट कळत होतं. तोवर जुना कोड नव्या मॉडेलांत चिकटवत न्यायची सवय लागली होती. सोबत दिलेल्या विंडोजवर चाललं की टेस्टिंग पास! पुढे त्याच लॅपटॉपवर दुसरी सिस्टिम आली, किंवा तीच नव्या आवृत्तीची आली, तर काय होईल हे बघणं कोणाच्या कामाच्या यादीतच नव्हतं. (आपण सगळे याच धंद्यात आहोत, त्यामुळे अशा याद्या कशा बनतात ते वेगळं सांगायला नको.)

बरं, दुखणं प्रत्येक वेळी हेच असतं असंही नाही. काही मशीन्स बूट होताना स्लॉट रिकामा दिसला की वीज वाचवायला तो पोर्टच बंद करतात. मग उपकरणांच्या यादीत पोर्टही दिसत नाही, आणि बायोसमध्ये एखादं सेटिंग किंवा अपडेट असलं तरच निभावतं. काही ठिकाणी पाहुणा दिसतो, पण त्याच्या गाडीला पार्किंग नसतं: रिकाम्या स्लॉटसाठी बायोसने मेमरीची जागा किंवा बस क्रमांक राखूनच ठेवलेला नसतो. बऱ्याच फायरवायर कार्डांवर आत आणखी एक ब्रिज असतो, त्याला वेगळा बस क्रमांक लागतो, त्यामुळे ती इथे हमखास अडकतात.

हे ओळखायला पंधरा मिनिटं लागतात. लिनक्सचा पेन ड्राइव्ह लावायचा, कार्ड न घालता बूट करायचं, एलएसपीसीआयची यादी जपून ठेवायची. कार्ड घालून दुसरी यादी. कार्ड आत ठेवून रीस्टार्ट, तिसरी यादी. मामाच्या मशीनवर पोर्ट पहिल्या यादीतही होता, आणि कर्नलच्या नोंदींत बायोसने हॉट-प्लगचा ताबा नाकारल्याची ओळ स्वच्छ होती. 'पीसीआयई_पोर्ट्स=नेटिव्ह' हा एक पर्याय बूटच्या ओळीत टाकला आणि कार्ड घालताक्षणी दिसू लागलं. खर्च शून्य.

आता कोणी म्हणेल, बायोस नाही म्हणतोय तर जबरदस्ती कशाला? मुद्दा रास्त आहे. दोघंही एकाच दाराकडे धावले तर टक्कर होऊ शकते, म्हणूनच हा पर्याय डीफॉल्ट नाही. पण मग निर्मात्याने बायोसमध्ये तेवढा एक स्विच द्यावा ना! नाहीतर खोक्यावर 'फक्त बूट करताना चालेल' असं लिहावं.

एक्स्प्रेसकार्ड केव्हाच गेलं, जुनं उगाळतोस कशाला, असं वाटत असेल तर ऑफिसातल्या डॉककडे बघा. थंडरबोल्ट २०११ चं, यूएसबी४ २०१९ चं, आणि दोन्हींतून तेच पीसीआय एक्स्प्रेस जाऊ शकतं. सुरुवातीच्या बऱ्याच थंडरबोल्ट लॅपटॉपांत तर हॉट-प्लग पुन्हा बायोसच्याच हाती होतं. मीटिंगहून परत येऊन केबल लावलीत, मॉनिटर लागला पण डॉकचं नेटवर्क आलं नाही, आणि आयटीवाला म्हणाला "रीस्टार्ट मारा", तर मारा, पण त्याआधी एक यादी काढून ठेवा आणि नंतर दुसरी. दोन्ही त्याच्या तिकिटाला जोडा. तिकीट बंद करण्याआधी त्याला दोन ओळी तरी वाचाव्या लागतील.