भात्यातले बारा बाण

एक प्रश्न. तुमच्या मोबाइलमध्ये आत्ता या क्षणी किती फोटो आहेत? खरं सांगा. मी परवा हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये कंटाळून बघितलं, तर माझ्यात अकरा हजारांच्या वर निघाले. निम्मे मीटिंगमधल्या स्लाइड्सचे, उरलेले मांजरीचे आणि जेवणाच्या ताटांचे. आणि माझ्या श्रीगोंद्याच्या काकूचे? दोन. एकात ती पाठमोरी, दुसऱ्यात नुसता कान आणि कुडी.

तर या आठवड्याचा विषय आहे बारा फोटो. मोजून बारा. डिलीट नाही, फिल्टर नाही, आणि कसा आलाय ते बघायला स्क्रीनही नाही.

माझ्या या नव्या वेडाची ऑफिसात सगळ्यांना कल्पना आहे. लंच टाइमला बॅगेतून एक चपटी डबी काढायची, बटण दाबायचं, की खट्कन झाकण पडतं आणि काळ्या भात्याच्या टोकाला बसलेली लेन्स पुढे येते. पहिल्यांदा बघणारा प्रत्येक जण तेच विचारतो, ‘पेटी आहे का गं ही?’ अगदीच चूक नाही. भाता पेटीचाच वाटतो. फक्त यातून सूर निघत नाहीत, बारा बाण निघतात.

याला म्हणतात फोल्डिंग कॅमेरा. यात लागतो 120 नंबरचा रोल. कोडॅकने तो 1901 साली आणला आणि आजही तो नवाकोरा मिळतो. तुमच्या आधीच्या फोनचा चार्जर आत्ताच्या फोनला लागतो का, विचार करा! निगेटिव्ह सहा सेंटिमीटर चौरस, म्हणजे साध्या 35 एमएम रोलच्या साडेतीन पटींहून मोठं. आणि एवढं मोठं निगेटिव्ह देणारा कॅमेरा घडी करून जीन्सच्या नाही, तरी जॅकेटच्या खिशात जातो. सगळा फंडा हाच.

वेड वाढत जातं, हे आधीच सांगून ठेवते. मुंबईचे फोटोजर्नालिस्ट दिलीश पारेख यांच्या नावावर 4,425 कॅमेऱ्यांच्या संग्रहाचा गिनेस विक्रम नोंदला गेलाय. माझ्याकडे तीन आहेत, त्यातला एक पेपरवेट आहे. तो पेपरवेट का झाला? कारण मी तो पुण्याच्या जुन्या बाजारात चकाकी बघून घेतला. चकाकी बघायची नसते, बॉस! अंधाऱ्या खोलीत जायचं, मागचं दार उघडून भात्यात मोबाइलचा टॉर्च धरायचा आणि बाहेरून बघायचं. कोपऱ्यांत चांदण्या दिसल्या की समजायचं, भात्याला भोकं आहेत. त्यातून फिल्मवर पांढरे डाग पडणार. अगफाच्या भात्यांना हा रोग फार. झाइसचे भाते चामड्याचे, ते सत्तर वर्षं सहज काढतात. अगफाची दुसरी खोड म्हणजे फोकसच्या आट्यांमधलं हिरवं ग्रीस. ते इतकं घट्ट होतं की लेन्सची रिंग हलतच नाही. मग लायटरचं पेट्रोल घालायचं, हेअर ड्रायरने गरम करायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. आणि हो, 620 नंबरचा रोल लागणारा कोडॅक स्वस्तात मिळाला, तर हुरळून जाऊ नका. फिल्म तीच, पण रीळ बारीक. ते रोल 1995 मध्ये बंद झाले.

असो. आता श्रीगोंदा.

दौंडवरून काष्टीमार्गे गेलं की उसाच्या ट्रॉल्या आणि लिंबाच्या बागा लागतात. शेख महंमद महाराजांचं आणि शिंद्यांच्या वाड्याचं हे गाव. नगर जिल्हा 2024 पासून अहिल्यानगर झाला, पण काकू अजून ‘नगरला जाऊन येते’ असंच म्हणते. माझे थोरले काका इथे फोटो स्टुडिओ चालवायचे. स्टुडिओत स्टँडवरचा मोठा कॅमेरा. पण खेड्यावर लग्न असलं, किंवा कुणी गेलं आणि घरच्यांना शेवटचा फोटो हवा असला, की काका सायकलवर टांग मारून निघायचे आणि खिशात असायचा अगफा आयसोलेट टू. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल त्यात भरलेला. तो कारखानाही आता राहिला नाही. काका जाऊन नऊ वर्षं झाली. स्टुडिओच्या जागी मोबाइल रिचार्जचं दुकान आलं.

मागच्या हिवाळ्यात गेले, तेव्हा काकूने ट्रंकेतून तो आयसोलेट काढून माझ्या हातात दिला. भाता शाबूत! मी खुशीत नाचायच्या बेतात होते, तेवढ्यात ती म्हणाली, “ह्याच्यानं माझा एक फोटो काढ. भिंतीवरचा.”

भिंतीवरचा म्हणजे कुठला, ते कळायला मला दोन सेकंद लागले. समोर काकांचा फोटो होता, हार घातलेला. शेजारी एक खिळा रिकामा.

“आत्ताच काय घाई आहे काकू?”

“घाई न्हाई गं. पन ह्यांनी आख्ख्या गावाचे फोटो काढले अन् माझा ऱ्हायला तो ऱ्हायला. उद्या तुम्ही मतदान कार्डावरचा मोठा करून लावाल. त्यात मी चोरावानी दिसते.”

मुद्दा बिनतोड होता. ‘फोनवर काढते ना, झकास येतो,’ म्हटलं. तिने मान हलवली. याच कॅमेऱ्याने.

मी कॅमेरा पुण्याला नेला, ग्रीस सोडवलं, शटर साफ केलं आणि पंधरा दिवसांनी परत गेले. सकाळी आधी पेडगावला उतरले. भीमेच्या काठचा किल्ला आणि त्यातलं लक्ष्मीनारायणाचं देऊळ म्हणजे जुन्या कॅमेऱ्यांसाठी मेजवानीच! तिथे माझा स्वतःचा कॅमेरा वापरला, इंग्लंडहून आलेला. ऊन लख्ख, 100 स्पीडची फिल्म, अपर्चर 16, शटर सेकंदाचा शंभरावा भाग. लाइट मीटर लागत नाही. आधी भाता उघडायचा, मग रोल पुढे घ्यायचा, उलटं करायचं नाही, नाहीतर भात्याच्या ओढीने फिल्म वाकते. मागच्या लाल खिडकीतून आकडे सरकताना बघायचे. एकदम सही चाललं होतं.

दुपारी काकूची तयारी. हिरवं नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू नाही, फक्त गोंदण. सोप्यात खुर्ची. सावली होती, म्हणून अपर्चर 5.6, शटर पन्नासावा भाग. अंतर मी पावलांनी मोजलं. आठ फूट. लेन्सवरचा आकडा फिरवला आठावर. सगळे बारा तिच्यावरच खर्च केले. समोरून, बाजूने, दारात उभी, खुर्चीत बसलेली. एरवी ती कॅमेरा दिसला की तोंड फिरवते. त्या दिवशी तासभर हलली नाही. पाठ दुखत असणार, बोलली नाही.

घरी येऊन बाथरूममध्ये रोल धुतला. ओलं निगेटिव्ह उजेडाला धरलं आणि पोटात खड्डा पडला. मागचं दार, दारावरच्या कड्या, भिंतीला टेकवलेली सायकल, सगळं कोरीव. आणि काकू धुक्यात. बाराही.

तुमच्या लक्षात आलं असेल. माझा इंग्लंडवाला कॅमेरा फुटांचा. काकांचा जर्मन आयसोलेट मीटरचा. आठ फूट म्हणजे जेमतेम अडीच मीटर, आणि मी फोकस केलं होतं आठ मीटरवर. इंजिनीअरिंगची डिग्री आहे माझ्याकडे, फर्स्ट क्लास. कुणाला सांगू नका.

फोन करायची हिंमत होईना. आठवडाभर टाळलं. शेवटी मीच गेले. रोल बिघडला म्हणून सांगायला सुरुवात केली, तर काकू मला मध्येच तोडून म्हणाली, “सुतळी न्हाई का लावली?”

“कसली सुतळी?”

ती उठली, ट्रंकेतल्या चामड्याच्या केसच्या तळाशी हात घातला आणि काळी पडलेली एक सुतळी काढली. तीन गाठी. पहिली दीड मीटरला, दुसरी दोनला, तिसरी तीनला. मी केस सतरा वेळा उघडली होती, ती सुतळी बांधाबांधीची समजून तशीच ठेवली होती.

“एक टोक ह्यांच्या हातात, दुसरं मी धरायची, गिऱ्हाइकाच्या नाकापशी. लग्नात नवरीच्या, अन् मयताच्या बी.”

म्हणजे गावातल्या इतक्या फोटोंच्या चौकटीच्या जरा बाहेर, सुतळीचं टोक सोडून बाजूला झालेली, काकू उभी होती. मी एवढी वर्षं काकांच्या कामाचं कौतुक करत आले, तिला कधी विचारलंच नव्हतं.

मग तिने सुतळीचं टोक स्वतःच्या नाकाला लावलं, मी लेन्सपाशी दुसऱ्या गाठीला धरलं, आकडा दोनवर. अकरा फोटो काढले. बारावा तिने काढला, माझा. सुतळी माझ्या नाकावर टेकवून, डोळे बारीक करून, आणि ‘हालू नको’ असा जोरदार दम भरून.

या वेळी सगळे टकाटक आले. पापण्या, गोंदणाचे ठिपके, गालावरची एक न् एक रेघ. मी मोठे प्रिंट करून नेले आणि सोबत, अपराधी भावनेने म्हणा, पहिल्या रोलमधलाही एक नेला. काकूने सगळे चष्मा लावून बघितले. मग चष्मा काढून बघितले. आणि तो पहिला, धुक्यातला, उचलला.

“ह्यो लाव.”

“काकू, तो बिघडलाय! चेहरा नीट दिसत नाही त्यात.”

“दिसतो की. ह्ये बी असंच करायचे बायकांचे फोटो. पेन्शिलीनं निगेटिव्हवर घासून घासून रेघा काढायचे. तुझ्याकडून फुकटात झालं.”

फ्रेमवाल्याकडे तोच दिलाय. माझा तिने काढलेला फोटो मात्र तिने मला दिला नाही, तो गॅसच्या ओट्यावर डब्याला टेकवून ठेवलाय. दिवाळीला परत जातेय. दोन रोल घेतलेत, आणि सुतळी तिच्याकडेच आहे.