पाणी कधी येणार, एवढं आदल्या दिवशी सांगाल का?

मंडळी, २ डिसेंबरला मतदान आहे. राज्यातल्या २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींच्या निवडणुका एकदम लागल्यात, त्यात आपलं मनमाडही आहे. मागची निवडणूक झाली २०१६ च्या नोव्हेंबरात. तेव्हा पहिलीत असलेलं पोरगं यंदा दहावीला बसलंय. मधली चारेक वर्षं तर सभागृहात लोकांनी निवडून दिलेला एकही माणूस नव्हता, सगळा कारभार प्रशासकाच्या हाती. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने कान पिळले म्हणून आता कुठं गुलाल-भोंग्यांचे दिवस आलेत.

तर सांगायची गोष्ट अशी.

गेल्या आठवड्यात एका उमेदवाराच्या घरी मुलाखतीला गेलो होतो. नाव, पक्ष, प्रभाग लिहीत नाही. मुद्दा त्यांच्या एकट्यांचा नाही. थोड्याफार फरकानं सगळीकडे हेच चालू आहे. जागा महिलांसाठी राखीव. उमेदवार वहिनी. बॅनरवर मात्र भाऊंचा फोटो मोठा आणि वहिनी कोपऱ्यात हात जोडून उभ्या. घरीही तेच. खुर्चीत भाऊ, वहिनी आत.

भाऊंनी मला पाच मुद्दे सांगितले. पाठ होते त्यांना.

एक, उड्डाणपुलाचा प्रश्न कायमचा सोडवू. दोन, मोठ्या गाड्यांना थांबे मिळवू. तीन, तरुणांसाठी उद्योग आणू. चार, सरकारी दवाखान्यात तज्ज्ञ डॉक्टर आणू. पाच, करंजवणचं पाणी घराघरात पोचवू.

ऐकायला छान वाटतं. मीही लिहून घेतलं. पण लिहिता लिहिताच मनात हिशेब सुरू झाला. २०२३ च्या नोव्हेंबरात ज्या पुलाचा भाग ढासळला आणि सगळं गाव वाहतुकीत अडकलं, तो इंदूर-पुणे महामार्गावरचा पूल. तो काही पालिकेनं बांधलेला नाही. गाड्यांचे थांबे रेल्वे बोर्ड ठरवतं. उद्योगासाठी जागा आणि सवलती राज्य सरकार देतं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या नेमणुका आरोग्य खातं करतं. आणि करंजवणची योजना तीनशे कोटींच्या घरातली, वरच्या मंजुरीची. म्हणजे पाचपैकी चार गोष्टी नगरसेवकाच्या हातातल्याच नाहीत. पाचवीतला शेवटचा तुकडा तेवढा त्याच्या हातात आहे, गावातली टाकी ते आपला नळ.

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. मी विचारलं, "वहिनी, तुम्ही निवडून आलात तर पहिलं काम कोणतं कराल?"

भाऊ बोलायला लागले. मी म्हटलं, "भाऊ, उमेदवार वहिनी आहेत. त्यांना बोलू द्या."

वहिनी जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "पाणी कधी येणार ते आदल्या दिवशी सांगायचं. बास. आज येणार असं नुसतं कानावर आलं तरी बाया कामाला जात नाहीत, घरी थांबतात. नाही आलं की त्या दिवसाची मजुरी गेली अन् पाणी बी नाही. अन् व्हॉल्व्ह कोणत्या गल्लीला किती वेळ उघडला, ते वहीत लिहायचं. ती वही कुणालाबी बघता आली पाहिजे. मग खालच्या गल्लीला जास्त अन् वरच्या गल्लीला कमी, ही भांडणंच राहणार नाहीत."

भाऊ हसले. "दादा, एवढ्याशा गोष्टीवर कुठं मतं मिळतात का?"

मीही हसलो. चहा प्यालो, निघालो.

आता खरी लाज वाटायची गोष्ट सांगतो. मुलाखत छापून आली, त्यात भाऊंचे पाच मुद्दे आहेत. वहिनींचं वाक्य नाही. जागा जाहिरातीची होती, पैसे आधीच ठरले होते, मजकूर त्यांना हवा तसा हवा होता. लिहिणारा हात मात्र माझा होता. वीसेक वर्षं या धंद्यात आहे. पत्रकारितेची पदविका घेताना जाहिरात वेगळी आणि बातमी वेगळी असं शिकलो होतो. निवडणूक आली की आम्हा गावच्या पत्रकारांच्या घरची गॅसची टाकीही याच पॅकेजवर येते, हे तुम्हाला माहीत नाही असं नाही. सबब सांगत नाही. जे तिथं छापलं नाही ते इथं, माझ्या भिंतीवर लिहितोय, एवढंच.

कारण मला वाटतं, पाच मुद्द्यांपेक्षा वहिनींचं ते एक वाक्य मोठं आहे. का ते सांगतो.

नगरपालिका म्हणजे छोटी विधानसभा नव्हे. १ जून १९९३ पासून ७४ वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि घटनेत बारावी अनुसूची आली. त्यात नागरी संस्थांकडे सोपवता येतील असे १८ विषय आहेत. पाणीपुरवठा, सफाई, कचरा, रस्ते, दिवे, बागा, स्मशानभूमी, जन्म-मृत्यूची नोंद, वस्त्यांची सुधारणा. त्याच्या कितीतरी आधी, १९६५ साली, आपल्या राज्यात नगरपरिषदांचा कायदा झाला. या दोन्हींत जे आहे, ते सगळं आपल्या उंबऱ्याशी येऊन थांबणारं काम आहे. त्यात विमानतळ नाही की कारखाना नाही. गटार आहे, नळ आहे, खांबावरचा दिवा आहे.

आपल्या गावाचं पाण्याचं दुखणं तर सगळ्या राज्याला माहीत. वागदर्डी धरण आपलं, पण ते भरायचं कशानं? पाऊस धड झाला नाही की पालखेडच्या कालव्याला आवर्तन कधी सुटतं, याच्याकडे डोळे. उन्हाळ्यात पंधरा-वीस दिवसांनी नळाला पाणी, ही पिढ्यांची सवय. दुसऱ्या गावच्या पाहुण्याला आपल्या घरातले ड्रम बघून नवल वाटतं, आपल्याला वाटत नाही. धरणात पाणी नसेल तर नगरसेवक काय करणार, हे मान्य. पण जेवढं आहे तेवढं कोणत्या दिवशी, कोणत्या गल्लीला, किती वेळ द्यायचं आणि ते लोकांना आधी सांगायचं, याला दिल्ली-मुंबईची परवानगी लागत नाही. कोटी सोडा, फार तर एक वही, एक फळा आणि प्रभागाचा व्हॉट्सॲप ग्रुप लागतो.

आता कोणी म्हणेल, नगरसेवकानं वरून निधी आणू नये काय? आणावा की! भांडून आणावा. पण निधीतून पाइप येतो, टाकी येते. ती चालवायचा खर्च दर महिन्याला गावालाच करावा लागतो. माणसं, वीज, तुरटी, क्लोरिन, गळती काढणं, हे सगळं घरपट्टी-पाणीपट्टीतून. भूमिपूजनाचा नारळ एकदाच फुटतो, व्हॉल्व्ह रोज फिरवावा लागतो. नारळाला दहा पुढारी असतात. व्हॉल्व्हपाशी एकटा पालिकेचा माणूस असतो आणि त्याच्याभोवती भांडणाऱ्या बायका.

म्हणून दारात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, पक्ष कोणताही असो, चहा जरूर पाजा आणि हे पाच प्रश्न विचारा.

१. पाण्याचं वेळापत्रक आदल्या दिवशी जाहीर करण्याचा ठराव पहिल्या सभेत मांडाल का? हो किंवा नाही, एवढंच उत्तर घ्या. "बघू", "प्रयत्न करू" हे उत्तर धरू नका.

२. पालिकेचं अंदाजपत्रक तुम्ही वाचलंय का? घरपट्टीची वसुली किती, त्यातलं पगारात किती जातं, दुरुस्तीला किती उरतं? निदान कुठं बघायचं एवढं तरी माहीत आहे का? पंधराव्या वित्त आयोगाचा जो निधी आपल्यासारख्या शहरांना आला, त्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेच्या कामांना बांधलेला होता. हा पैसा आपल्याकडे कशावर खर्च झाला, हे विचारायचं काम नगरसेवकाचं.

३. आपलं गाव रेल्वेचं. जंक्शन रेल्वेचं, कारखाना रेल्वेचा, कॉलन्या रेल्वेच्या. केंद्र सरकारच्या मालमत्तेला घटनेच्या कलम २८५ मुळे घरपट्टी लावता येत नाही, पण दिलेल्या सेवांबद्दल सेवाशुल्क मागता येतं. पालिकेनं ते किती मागितलं, किती आलं? रेल्वेला थांबे मागणाऱ्या उमेदवाराला हा प्रश्न नक्की विचारा. थांबा देणं रेल्वेच्या हातात आहे, सेवाशुल्काचं बिल पाठवणं पालिकेच्या.

४. समजा उद्या करंजवणचं पाणी पूर्ण दाबानं आलं. फार चांगलं. पण वापरलेल्या पाण्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं, हा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. आज वीस दिवसांनी पाणी येतं म्हणून गटारंही निम्मी कोरडी. ते रोज आलं तर ते जाणार कुठं? रामगुळणेत आणि पांझणेत? गटारांचा आणि सांडपाणी शुद्ध करण्याचा विचार कोणाच्या पत्रकात आहे, मला दाखवा.

५. निवडून आल्यावर सभेत कोण बसणार? बोलणार कोण? सही कोण करणार? महिलांना निम्म्या जागा मिळाल्या त्याला आता चौदा वर्षं झाली. तरी मुलाखत देणारे भाऊच असतील तर मग आरक्षण फक्त बॅनरच्या कोपऱ्यापुरतं उरतं.

या पाचव्या प्रश्नावर मला भाऊंनी टोमणा मारला होता. "दादा, तिला राजकारणातलं काय कळतं?" त्यांना तिथंच उत्तर द्यायला हवं होतं, दिलं नाही. आता देतो. भाऊ, राजकारणातलं त्यांना किती कळतं मला माहीत नाही. पण नगरपालिकेतलं तुमच्यापेक्षा जास्त कळतं. पाणी सुटल्याचा आवाज आला की रात्री दोनला कोण उठतं तुमच्या घरात? घंटागाडी आली नाही की ओला कचरा कुठं ठेवायचा, हा प्रश्न कोणाला पडतो? गल्लीतला दिवा बंद असला की शिकवणीहून येणाऱ्या पोरीला आणायला कोपऱ्यापर्यंत कोण जातं? बाराव्या अनुसूचीतले अर्धे विषय त्या रोज हातानं करतात. तुम्ही त्यांना बोलायला पाच मिनिटं दिलीत, त्यात त्यांनी सगळा पाणीपुरवठा विभाग सांगितला.

बरं, दोष एकट्या भाऊंचा नाही. आपणही तसेच. सभेत कोणी म्हणालं की मी पाण्याची वही ठेवीन, तर टाळी पडत नाही. कोणी म्हणालं गावाचा कायापालट करीन, की शिट्ट्या. मग उमेदवार काय बोलणार? जे खपतं तेच बोलणार. आणि आम्ही काय छापणार? जे पैसे देऊन येतं तेच. अशी ही साखळी. ती कुठून तरी तुटायला पाहिजे, तर मी माझ्या टोकापासून सुरुवात करतो.

इथं जाहीर लिहून ठेवतो. निकाल काहीही लागो, कोणीही येवो, नव्या सभागृहाची प्रत्येक सर्वसाधारण सभा मी शेवटपर्यंत बसून ऐकणार. खरं सांगतो, याआधी अर्ध्या बातम्या मी विषयपत्रिका बघून आणि बाहेरच्या टपरीवर कोणाकडून तरी विचारून लिहिल्यात. आता तसं नाही. कोण हजर होतं, कोणी कोणता प्रश्न विचारला, कोण पूर्ण सभेत एक शब्द बोललं नाही, आणि कोणाच्या जागी कोण बोललं, हे सगळं याच भिंतीवर येईल. त्याला जाहिरात लागणार नाही. मी टाळाटाळ केली तर खाली कॉमेंटमध्ये मला झाडा, हक्क आहे तुम्हाला.

मत कोणाला द्या हे मी सांगणार नाही. त्या वहिनींना द्या असंही म्हणत नाही; त्यांच्या समोरचा उमेदवार त्यांच्यापेक्षा चांगला असू शकतो. यंदा बहुतेकांना तीन मतं आहेत, दोन प्रभागातल्या नगरसेवकांना आणि एक थेट नगराध्यक्षाला. तिन्ही वेळा बटण दाबण्याआधी एकच आठवा: हा माणूस, ही बाई मला पुलाचं स्वप्न दाखवतेय की नळाचा दिवस सांगतेय?

आणि वहिनी, हे तुमच्यापर्यंत पोचलं तर, तुमचं वाक्य छापायचं राहून गेलं त्याबद्दल माफी असावी. निवडून आलात तर पहिल्या सभेत तेच वाक्य बोला. भाऊंना विचारू नका. मी ऐकायला बसलेला असेन.