गुलालाला आलात, आता क्षेत्रसभेलाही या



निकालाच्या रात्री विजयी उमेदवाराच्या कार्यालयासमोर जमलेली गर्दी आपल्या लोकशाहीबद्दल कुठल्याही जाहीरनाम्यापेक्षा जास्त सांगते. डीजे, क्रेनला टांगलेला हार, जेसीबीतून ओतला जाणारा गुलाल आणि घोषणा एकच, भाऊंच्या किंवा ताईंच्या नावाची. पाण्याची, रस्त्याची, शाळेची घोषणा तिथे कुणी देत नाही. २३ नोव्हेंबर २०२४ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या महागावात औक्षणाच्या दिव्यांवर असाच गुलाल पडून भडका उडाला. विजयी उमेदवार भाजला, ओवाळणाऱ्या बायाही भाजल्या. ज्यांनी मत देऊन त्याला निवडलं, त्याच हातात तबक घेऊन उभ्या होत्या.

ही गर्दी पैसे देऊन आणलेली असते, असं म्हणून अनेकजण विषय संपवतात. ते पुरेसं नाही. दाखला, शाळाप्रवेश, रुग्णालयातली खाट या हक्काच्या गोष्टी भाऊंच्या फोनशिवाय हलत नाहीत. म्हणून भाऊ जिंकले की आपली सोय झाली, असं माणसाला मनापासून वाटतं. याला पुरावा आहे. पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि १५ जानेवारी २०२६ च्या मतदानापर्यंत कारभार प्रशासकाकडे राहिला. पावणेचार वर्षांहून जास्त काळ आपल्या वारज्याला नगरसेवक नव्हता. त्या काळात लोकसभेचा गुलाल उधळला, विधानसभेचाही उधळला. पण महापालिकेची निवडणूक घ्या म्हणून तेवढी गर्दी पुण्याच्या रस्त्यावर उतरली नाही. पद गेलं तरी भाऊंचा फोन चालू होता ना!

महिनाभर स्लिपा वाटणाऱ्या कार्यकर्त्याने एक रात्रही नाचू नये का, असं कुणी विचारेल. जरूर नाचावं. २०१९ च्या विधानसभेला आपल्या खडकवासला मतदारसंघात भीमराव तापकीर आणि सचिन दोडके या उमेदवारांत तीन हजारांहूनही कमी मतांचं अंतर होतं, तरी सत्ता मतांनीच ठरली. मतांचा कौल मानण्याचा हा समंजसपणा मोलाचा आहे. पण तो निकालाच्या रात्रीपुरताच का टिकावा? महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची, म्हणजे आपल्या भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद २००९ पासून आहे. आमची मागणी साधी आहे: नव्या नगरसेवकांनी ती सभा बोलवावी, आणि गुलालाला आलेल्या प्रत्येकाने तिथे येऊन विचारावं की कुठला दाखला किती दिवसांत मिळणार आणि फोन न करता मिळणार का.