हातपाय धड आहेत ना, मग काम का नाही करत?

मंडळी, हा प्रश्न तुम्हीही ऐकला असेल, कदाचित विचारलाही असेल. रेल्वेच्या डब्यात टाळी वाजते, कुणी दहाची नोट काढतं, कुणी खिडकीबाहेर बघायचं नाटक करतं. ती पुढच्या डब्यात गेली की शेजारचा काका हमखास म्हणतो, "हातपाय धड आहेत ना, मग काम का नाही करत?" आमच्या सिंदेवाहीकडे हाच प्रश्न "काहून नाही करत बापा काम?" असा येतो. हिंजवडीच्या कॅन्टीनमध्ये तो जरा पॉलिश मारून, इंग्रजीतून येतो. मुद्दा तोच.

प्रश्न वाईट नाहीये. विचारणारा उत्तर ऐकायला थांबत नाही, हे वाईट आहे. आज विकांत आहे, तुम्हालाही वेळ आहे, तर उत्तर ऐकाच. उत्तर असं की ते काम मागायला गेले होते. पुढे काय झालं ते सांगतो.

२०२२ साली महाराष्ट्रात पोलीस शिपाई भरती निघाली. ऑनलाइन फॉर्ममध्ये लिंगाचे पर्याय दोनच, पुरुष आणि स्त्री. आर्या पुजारी आणि निकिता मुख्यदल या दोघी तृतीयपंथी उमेदवार मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात गेल्या. तिसरा पर्याय द्या, असा आदेश मॅटने नोव्हेंबरमध्ये दिला. सरकारने काय करावं? आदेशाविरुद्ध मुंबई हायकोर्टात धाव घेतली! तिथे कोर्टाने चांगलंच सुनावल्यावर ९ डिसेंबरला सरकार कबूल झालं, की १३ डिसेंबरपर्यंत साइटवर तिसरा पर्याय देतो, दोन जागा रिकाम्या ठेवतो आणि शारीरिक चाचणीचे नियम २८ फेब्रुवारी २०२३ पर्यंत करतो.

तुमच्यातले निम्मे लोक कोड लिहून पोट भरतात, म्हणून विचारतो. ड्रॉपडाउनमध्ये एक पर्याय वाढवायला किती वेळ लागतो? डेटाबेस, व्हॅलिडेशन, रिपोर्ट, टेस्टिंग सगळं धरा, वर एक आळशी टीम लीडही धरा. आठवडा खूप झाला. अडचण कोडची नव्हतीच. अडचण नियमांची होती, म्हणजे धावायचं किती, गोळा टाकायचा किती. आणि ते नियम करायला सरकारकडे किती वेळ होता? तृतीयपंथीयांना कायद्याने ओळख देणारा सुप्रीम कोर्टाचा नालसा निकाल आला १५ एप्रिल २०१४ ला. म्हणजे साडेआठ वर्षं. एवढ्या वेळात आपण पाच कंपन्या बदलतो राव :)

"अहो, पोलिसांचं काम म्हणजे खेळ आहे का?" असं कुणीतरी म्हणणारच. त्याने जरा नकाशा काढावा. गडचिरोलीची हद्द ओलांडली की पूर्वेला छत्तीसगडचा कांकेर जिल्हा लागतो. जंगल तेच, नक्षलवादाचा इतिहास तोच, गरिबी थोडी जास्तच. त्या छत्तीसगडने २०२१ मध्ये १३ तृतीयपंथी उमेदवार पोलीस शिपाई म्हणून घेतले. २०२२ च्या ऑगस्टमध्ये बस्तर फायटर्स या दलासाठी आणखी ९ जण निवडले गेले, त्यातले ८ एकट्या कांकेर जिल्ह्यातले. नक्षलविरोधी कामासाठी उभारलेलं दल आहे हे, वाहतूक शाखा नव्हे. हद्दीच्या त्या बाजूला हे होऊन चार महिने झाले होते, आणि या बाजूचं पुढारलेलं का कायसं ते राज्य कोर्टात फॉर्मची अडचण सांगत होतं.

दुसरा आवडता युक्तिवाद म्हणजे "आधी समाजाची मानसिकता बदलायला हवी." हे वाक्य ऐकलं की मला झोपच येते. ही मानसिकता कुठे ठेवलेली असते आणि ती बदलल्याचा एसएमएस कुणाला येतो? सोलापूर जिल्ह्यातलं तरंगफळ हे गाव काही ग्रीनिच व्हिलेज नव्हे. २०१७ मध्ये त्या गावाने ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराला मतं देऊन सरपंच केलं. आमच्या झाडीपट्टीत दंडारीमध्ये पुरुष लुगडं नेसून बाईचं काम करत आलेत आणि गाव रात्रभर जागून बघत आलंय. दंडारीतला नट वेगळा आणि तृतीयपंथी व्यक्ती वेगळी, हे मला कळतं. पण लुगडं नेसलेल्या माणसाने काम केलं म्हणून गाव बुडत नाही, एवढं तरी गावाला माहीत आहे. ते माहीत नाही आपल्या एचआरला.

माझं म्हणणं एवढंच आहे, की आधी नोकरी द्या, मानसिकता मागून येते. महिन्याच्या एक तारखेला पगार घेणारी, टिफिन घेऊन येणारी, बॉसला शिव्या घालणारी बाई शेजारच्या डेस्कवर बसली, की तीन महिन्यांत ती 'ती तसली' राहत नाही. ती आपल्यासारखीच वैतागलेली कलीग होते. सेमिनार घेऊन हे होत नाही.

आता येऊ मेरिटवर, कारण आयटीवाला शेवटी तिथेच येतो. शानवी पोन्नुसामी इंजिनिअर. तिने एअर इंडियात केबिन क्रूसाठी अर्ज केला. जागा फक्त महिलांसाठी, आणि तिला महिला धरायला कुणी तयार नाही. २०१७ मध्ये ती सुप्रीम कोर्टात गेली आणि २०२२ मध्ये कोर्टाने केंद्राला रोजगाराचं धोरण आखायला सांगितलं. पाच वर्षं! जेन कौशिक शिक्षिका. ओळख कळल्यावर उत्तर प्रदेश आणि गुजरातमधल्या शाळांतली तिची नोकरी गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तिला नुकसानभरपाई दिली. डिग्री होती, मेरिट होतं. मग?

मोठ्या केसेस सोडा. माझ्या ओळखीची आमच्याच भागातली एक मुलगी आहे. नाव सांगणार नाही, तिचं नाही आणि कंपनीचंही नाही. तिच्या टेक्निकलच्या दोन्ही राउंड झकास झाल्या. मग आलं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन. मार्कशीटवर जुनं नाव, आधारवर नवं. तिने कलेक्टर ऑफिसचं प्रमाणपत्र पाठवलं, तर उत्तर आलं की आमच्या टूलमध्ये हा डॉक्युमेंट टाइपच नाही. बघा, परत ड्रॉपडाउन! महिनाभर फाइल इकडून तिकडे फिरली आणि जागा 'भरली गेली'.

आता मजा बघा. त्याच कंपनीत लग्नानंतर नाव बदललेल्या मुली दर आठवड्याला जॉइन होतात. त्यांची मार्कशीट माहेरच्या नावाची, पॅन सासरच्या नावाचं. कुणाचं काही अडत नाही, कारण टूलमध्ये मॅरेज सर्टिफिकेट हा पर्याय आहे. म्हणजे नाव बदलणं ही अडचण नाही. कुणी बदललं ही अडचण आहे. आणि हीच कंपनी जून महिन्यात लोगो सप्तरंगी करते. लोगो बदलायला डिझायनरला दहा मिनिटं लागतात, प्रोसेस बदलायला लाज लागते.

कायदा नाही का? आहे की. तृतीयपंथीयांच्या हक्कांचा २०१९ चा कायदा १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. नोकरीत भेदभाव करायचा नाही, असं त्याच्या कलम ९ ने सांगितलं. पण शिक्षेचं कलम १८ वाचा. त्यात सक्तीची मजुरी, घरातून किंवा गावातून हाकलणं, मारहाण, छळ हे सगळं लिहिलं. नोकरी नाकारली तर काय, ते लिहिलंच नाही. वर मारहाण-छळाला शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षांची. टेस्ट केस लिहिली, पण फेल झाल्यावर काय करायचं ते लिहायला विसरले म्हणायचं.

आणि नोकरी दिली म्हणजे संपलं असंही नाही. कोची मेट्रोने २०१७ मध्ये तृतीयपंथी कर्मचारी नेमले, देशभर कौतुक झालं. थोड्याच दिवसांत त्यातल्या काही जणांनी काम सोडलं, कारण शहरात भाड्याने खोली कुणी देईना. कोथरूड-वाकडमध्ये टू बीएचके भाड्याने देणाऱ्या मंडळींनी हे दोनदा वाचावं.

होतच नाही असं मात्र म्हणू नका. टाटा स्टीलने डिसेंबर २०२१ मध्ये झारखंडच्या खाणीत १४ तृतीयपंथी ऑपरेटर घेतले, अवजड यंत्रं चालवायला. पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२२ मध्ये सुरक्षारक्षक म्हणून तृतीयपंथी नेमले. आमच्याकडे गडचिरोलीत सुरजागडची लोहखाण आहे, चंद्रपुरात कोळसा, सिमेंट, वीज सगळं आहे. सिंदेवाहीत राइस मिल आहेत, भात संशोधन केंद्र आहे. तिथे काम मिळालं तर गाव सोडून अनोळखी शहरात कुणाच्या तरी आसऱ्याला जायची वेळ येणार नाही. कारण पंधराव्या वर्षी घर सुटलं की दहावी सुटते, आणि दहावी सुटली की तुमच्या त्या मेरिटचा दरवाजा आपोआप बंद होतो.

तर मंडळी, भाषण पुरे. तीन कामं सांगतो, तिन्ही फुकट आहेत. एक, पुढचा रेफरल देताना असा एक रिझ्युमे पुढे सरकवा आणि त्याचा पाठपुरावा करा. दोन, व्हेरिफिकेशनच्या टूलमध्ये कलेक्टरच्या प्रमाणपत्राचा पर्याय आहे का ते बघा, नसेल तर तिकीट टाका. तीन, त्याच २०१९ च्या कायद्याच्या कलम ११ ने प्रत्येक आस्थापनेला तक्रार अधिकारी नेमायला सांगितलं. तुमच्या हापिसात तो कोण आहे, हे सोमवारी एचआरला मेल करून विचारा. आणि हो, उत्तर येईपर्यंत 'काम का नाही करत' हा प्रश्न जरा होल्डवर ठेवा.